आजाऱ्याच्या दारीं

घरांत कोणी अंथरुणास खिळलें म्हणजे आपण प्रथम वैद्यास बोलावितों, व तें योग्यच आहे. परंतु ख्रिस्ती घरांतून एक गोष्ट आम्हीं वारंवार पाहिली आहे. धर्मगुरूंस बोलवावें कीं नाहीं, हा प्रश्न निघतांच सर्वांचे चेहरे उतरतात. "आतांच कशाला? बाबा घाबरतील," असें कोणीतरी हळूच म्हणतें, आणि तो विषय दुसऱ्या दिवसावर जातो. अखेर धर्मगुरूंस निरोप पोहोंचतो, तेव्हां आजाऱ्याची शुद्ध हरपलेली असते. ज्याच्या धीरासाठीं तो संस्कार, त्यालाच तो कळत नाहीं. ही चूक प्रेमापोटीं होते. तरी ती चूकच होय, असें आमचें स्पष्ट मत आहे, व तें विद्यार्थ्यांपुढें आणि त्यांच्या पालकांपुढें मांडावें म्हणून हा लेख.

ह्या भीतीस कारण आहे. पूर्वीं ह्या संस्काराचें नांवच शेवटचा अभ्यंग अशा अर्थाचें होतें, आणि तो बहुधा मरणोन्मुख मनुष्यासच मिळे. त्यामुळें धर्मगुरु तेल घेऊन दारीं आले, कीं त्यांच्या पाठोपाठ मृत्यु आलाच, अशी समजूत रूढ झाली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें (१९६२-६५) 'आजाऱ्यांचा अभ्यंग' हेंच नांव अधिक योग्य ठरविलें, व १९७२ सालीं पोप सहावे पॉल यांनीं त्याचा विधि नव्यानें घालून दिला. त्याप्रमाणें दुखणें गंभीर होऊं लागतांच, मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वीं, किंवा केवळ वार्धक्यानें शरीर फार खंगलें असतांही हा संस्कार घेतां येतो. दुखणें बळावल्यास तो पुन्हां घेण्यास हरकत नाहीं. कपाळास व हातांस पवित्र तेल लावून धर्मगुरु आजाऱ्यासाठीं बळ, क्षमा आणि शांति मागतात. मरणोन्मुखाची खरी शिदोरी निराळी आहे. ती म्हणजे अखेरचा ख्रिस्तप्रसाद, आणि त्यास 'पाथेय' म्हणतात तें ह्याच अर्थानें. अर्थात् तेलानें औषधाची जागा घ्यावयाची नसते. वैद्यानें आपलें काम करावें, धर्मगुरूंनीं आपलें.

आजारी घाबरेल, हें म्हणणेंही आम्हांस तितकेंसें खरें वाटत नाहीं. आपली अवस्था आजाऱ्यास बहुधा आपल्याआधींच कळलेली असते. त्याला भय वाटतें तें दाराबाहेरच्या कुजबुजीचें, आणि आपणांस कोणी कांहीं विचारीत नाहीं ह्याचें. तेव्हां कुजबुजण्यापेक्षां त्यालाच सरळ विचारावें, "बाबा, फादरांना बोलवूं का?" उत्तर काय द्यावयाचें तें त्याचें त्यास चांगलें ठाऊक असतें.

आतां आपल्या शिरगांवाकडे पाहूं. हा प्रदेश १९९८ सालीं स्थापन झालेल्या वसई धर्मप्रांतांत मोडतो. परंतु वसईच्या आसपास ख्रिस्ती घरें जशीं दाट, तशीं पालघर-बोईसरकडे नाहींत. येथें तीं विखुरलेलीं, आणि धर्मगुरूंस लांबलांबच्या वाटा तुडवाव्या लागतात. घरांतील कर्तीं माणसें तारापूरच्या कारखान्यांत कामावर, नाहींतर मुंबईस. २०१३ पासून उपनगरी गाडी डहाणूपर्यंत धांवूं लागली, त्यामुळें मुंबईची नोकरी सोयीची झाली खरी. पण पहांटे निघालेला मुलगा रात्रींच परततो. दिवसभर ओटीवर किंवा खाटेवर एकटें वृद्ध माणूस राहतें. मिस्सेची घंटा ऐकूं येण्याजोगी असली तरी देवळापर्यंत त्याचे पाय चालत नाहींत. अशांसाठीं १९७३ पासून प्रशिक्षित गृहस्थ व भगिनी यांनाही धर्मगुरूंच्या मदतीस ख्रिस्तप्रसाद घरोघर नेण्याची मोकळीक मिळाली आहे. ही सोय आहे, हें पुष्कळ कुटुंबांस ठाऊक असतें. पण नांव कळवावयाचें कोणीं, ह्यावर गाडें अडतें.

विद्यार्थिमित्रहो, २०२० सालची टाळेबंदी तुम्हांपैकीं अनेकांस आठवत असेल. देवळें बंद, शाळा बंद, अंगणांत जावयाची चोरी. तेव्हां तुम्हीं खिडकीशीं बसून किती कंटाळलां होतां! तो काळ संपला व तुम्हीं धांवत मैदानावर आलां. परंतु खिळलेल्या माणसाची टाळेबंदी संपतच नाहीं. धर्मगुरु येतात, दहा मिनिटें प्रार्थना करून पुढच्या घरीं जातात. उरलेला दिवस आपला आहे.

आजाऱ्यांस भेटणें हें सात शारीरिक दयाकृत्यांपैकीं एक मानलें जातें. पोर्तुगालांत १४९८ सालीं स्थापन झालेली मिसेरिकोर्दिया, म्हणजे दयासंघ, ह्याच कृत्यांसाठीं होती, व तिची शाखा एके काळीं आपल्या वसईच्या किल्ल्यांतही होती. तुम्हांस एवढा मोठा संघ नको. घरीं ख्रिस्तप्रसाद येणार असेल तर मेजावर पांढरें वस्त्र, क्रूस, दोन मेणबत्त्या व पेलाभर पाणी तुम्हीं मांडावें. शेजारच्या आजीस वर्तमानपत्र वाचून दाखवावें. ती ख्रिस्ती असो, वाडवळ असो वा मांगेली असो. बसावें तें थोडा वेळ, बोलावें तें हळू, आणि अमक्याला हेंच दुखणें होऊन तो कसा गेला, ही हकीकत मात्र सांगूं नये! वडील माणसेंच हा अपराध अधिक करतात, म्हणून मुलांनीं तरी तो टाळावा.

पालकांस आमची विनंति एवढीच, कीं घरांतील वृद्धाचें नांव धर्मगुरूंस आजच कळवावें, आणि त्यांची फेरी येईल तेव्हां मुलास शिकवणीस न धाडतां आजोबांच्या खाटेशीं उभें करावें. ११ फेब्रुवारी हा दिवस १९९३ पासून आजाऱ्यांचा जागतिक दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशीं देवळांत प्रार्थना होतीलच. पण ज्याच्यासाठीं त्या होतात, तो देवळांत नसून आपल्या माजघरांत आहे. त्याच्याकडे आपणच गेलें पाहिजे, आणि तो ओळखूं शकतो तोंवर गेलें पाहिजे.