अर्ज इंग्रजीत, काम अहिराणीत

जळगाव-धुळ्याकडचा पदवीधर नोकरीचा अर्ज करावयास बसतो, तेव्हा तो अर्ज लिहीत नाही, आठवतो. दहावीच्या परीक्षेसाठी गाइडातून पाठ केलेले पत्र त्याच्या डोक्यात जसेच्या तसे असते. आरंभी ‘विथ रेफरन्स टु युवर अ‍ॅडव्हर्टाइजमेंट’, मध्ये ‘आय बेग टु अप्लाय’ हे दीनवाणे वाक्य आणि शेवटी ‘युवर्स फेथफुली’. साहेब जाऊन पाऊणशे वर्षे लोटली, तरी अर्जदाराचे भीक मागणे संपलेले नाही. या पत्रात त्याचे स्वतःचे म्हणावे असे एकच असते, ते म्हणजे नाव. तो मोटारपंप दुरुस्त करतो, केळीच्या बागेत ठिबकची नळी कोठे तुंबली ते अचूक सांगतो, दोन हंगाम जिनिंगमध्ये हिशेब ठेवून आलेला असतो. यातले एक अक्षरही कागदावर उतरत नाही. कारण गाइडातल्या पत्रात ते नव्हते.

‘मुलांचे व्याकरण कच्चे’ असे निदान करून शहाणी मंडळी मोकळी होतात. कच्चे आहेच, पण का, हे विचारण्याची तसदी कोणी घेत नाही. मराठीत ‘असणे’ आहे, ‘हॅव’ नाही. ‘मला दोन वर्षांचा अनुभव आहे’ असे म्हणणारा मुलगा इंग्रजी वाक्याची सुरुवात ‘टु मी’ने करतो, यात मूर्खपणा नसून तर्क आहे. मराठीचे क्रियापद वाक्याच्या शेवटी, इंग्रजीचे कर्त्याच्या पाठोपाठ. मराठीचा प्रत्यय नामाला मागून चिकटतो, तर इंग्रजीचे ‘इन’ आणि ‘ऑन’ नामाच्या पुढे उभे राहतात. ‘अ’ आणि ‘द’ यांना तर मराठीत जागाच नाही. हे फरक फळ्यावर शेजारी शेजारी मांडून दाखवले, तर मुलाला आपली चूक कोठून येते ते कळते. दादोबा पांडुरंगांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण सिद्ध केले, ते इंग्रजी व्याकरणाचा नमुना समोर ठेवून. मराठीच्या आधाराने इंग्रजीकडे जाण्याची उलट वाट तर्खडकरी पाठमालेने कित्येक पिढ्यांना दाखवली. इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवावे, या नव्या सोवळेपणाने ती वाट बुजवली.

खानदेशातील मुलाला तर तीन पायऱ्या चढावयाच्या असतात. घरी ‘शे’, शाळेत ‘आहे’ आणि अर्जात ‘इज’. पहिल्या पायरीवरच त्याच्या बोलीला हसू मिळते. तिसऱ्या पायरीवर त्याने आत्मविश्वासाने बोलावे, अशी अपेक्षा मात्र असते! २००० साली सरकारने पहिलीपासून इंग्रजी आणले. त्याला पाव शतक उलटले. वर्षे वाढली, पद्धत बदलली नाही. शाळेने सोडलेली जागा ‘फाडफाड इंग्रजी’च्या क्लासवाल्यांनी भरून काढली आणि जे फुकट मिळावयास हवे ते फी भरून विकत घेणे पालकांच्या नशिबी आले.

या प्रश्नी समाजवादी चळवळीनेही आपली वही तपासावी. इंग्रजी भाषा शिकण्याला लोहियांचा विरोध नव्हता. सार्वजनिक व्यवहारावरील तिच्या सत्तेला होता. १९६७ साली बिहारात कर्पूरी ठाकूर यांनी मॅट्रिकच्या उत्तीर्णतेसाठी असलेली इंग्रजीची सक्ती काढली. केवळ एका विषयापायी नापास ठरणाऱ्या गरीब मुलामुलींना तो मोठाच दिलासा होता, आणि ‘कर्पूरी डिव्हिजन’ म्हणून त्याची टवाळी करणाऱ्यांचा वर्ग कोणता होता, हे सांगावयास नको. परंतु परीक्षेतली सक्ती गेली तरी नोकरीच्या दारातली राहिली. गरिबाचे इंग्रजी सुटले, श्रीमंताचे कॉन्व्हेंटमध्ये पक्के झाले. व्यासपीठावर मातृभाषेचे गोडवे गाणाऱ्या आपल्याकडील पुढाऱ्यांची नातवंडे कोणत्या माध्यमात शिकतात, याची चौकशी कोणीही खुशाल करावी.

मुळात नोकऱ्या थोड्या आणि अर्जदार अमाप. अर्ज कितीही शुद्ध झाले तरी जागा वाढत नाहीत; त्या कोणाला मिळतात एवढेच बदलते. मालकाला चाळण हवी असते आणि सर्वांत स्वस्त चाळण इंग्रजीची. जळगावच्या डाळमिलमध्ये वा पाइपच्या कारखान्यात स्टोअरकीपरला दिवसभर अहिराणी, मराठी आणि हिंदी बोलावी लागते. अर्ज मात्र इंग्रजीत. १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने सरकारी कारभार मराठीत आणला, खासगी फाटकापाशी त्याचा अंमल संपतो. आता तर मोबाइलमधील यंत्र क्षणात निर्दोष अर्ज लिहून देते. म्हणजे ही चाळण फाटलीच. तिच्या जागी मुलाखतीतल्या इंग्रजी उच्चारांची नवी, अधिक बारीक चाळण येईल आणि तीत पुन्हा शिरपूर-साक्रीचीच मुले अडकतील.

तेव्हा दोन्ही टोकांनी लढावे लागेल. ज्या कामाला इंग्रजी लागत नाही त्या कामाचा अर्ज मराठीत स्वीकारण्याचे बंधन, सरकारी औद्योगिक वसाहतीत भूखंड घेणाऱ्या प्रत्येक कारखान्यावर घालावे. आणि ज्या कामाला ते लागते त्यासाठी मुलांना खरेखुरे इंग्रजी शिकवावे. अक्षरओळखही नसलेल्या बहिणाबाईंचे नाव २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला देण्यात आले. त्या विद्यापीठाने अहिराणी आणि मराठी यांच्या आधाराने इंग्रजी शिकविणारे एक पुस्तक खानदेशासाठी तयार करावे. परीक्षा मंडळानेही एवढे करावे: गाइडातले पत्र उतरवणाऱ्यास शून्य, आणि आपण दुरुस्त केलेल्या पंपाविषयी चार मोडकी वाक्ये लिहिणाऱ्यास निम्मे गुण.