भाड्याची खोली, हप्त्याचा मोबाईल आणि रुपयाचा प्रश्न

मागच्या पावसाळ्यात एका रात्री आमच्या मोबाईलवर अनोळखी नंबरावरून एक फोटो आला. फोटो आमच्याच वस्तीतल्या एका मुलाचा होता. खाली लिहिले होते की हा चोर आहे, पैसे घेऊन पळाला आहे, याला ओळखत असाल तर पैसे भरायला सांगा. तोच मेसेज त्याच्या आईला, मामाला, कॉलेजच्या सरांना आणि बौद्ध विहाराच्या ग्रुपमधल्या कितीतरी लोकांना गेला होता. मुलगा दोन दिवस घराबाहेर पडला नाही. तिसऱ्या दिवशी आम्ही त्याच्या शेजारी बसून हिशेब विचारला तेव्हा मूळ कर्जाचा आकडा निघाला ५ हजार रुपये!

वस्तीतले काही शहाणे लगेच म्हणाले, "मोबाईल घ्यायला काढले असतील. आजकालच्या पोरांना हप्त्यावर सगळे पाहिजे." आम्हालाही क्षणभर तसेच वाटले, हे कबूल करतो. पण कारण वेगळे होते. तो पुण्यात शिकतो. शासकीय वसतिगृहात नंबर लागला नाही, म्हणून सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहिला. वसतिगृह न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. पुण्या-मुंबईसारख्या शहरांत तिची रक्कम वर्षाला ६० हजार रुपये आहे. ती मंजूर झाली होती, पण खात्यात आली नव्हती. घरमालक मात्र महिन्याच्या पाच तारखेला दारात उभा. पोराने ॲप उघडले, आधार आणि पॅनचा फोटो टाकला, आणि दहा मिनिटांत पैसे आले.

आता हिशेब बघा. मागितले ५,०००. 'प्रोसेसिंग फी' म्हणून ५०० आधीच कापले, हातात आले ४,५००. तीस दिवसांनी भरायचे ५,३००. म्हणजे ४,५०० रुपये महिनाभर वापरण्याची किंमत ८०० रुपये. महिन्याला जवळपास १८ टक्के, वर्षाला २१३ टक्के. गावचा सावकार निदान तोंडाने दर सांगत होता. इथे स्क्रीनवर हसरे कुटुंब आणि 'फक्त दहा मिनिटांत' एवढेच दिसते. पहिले कर्ज फेडायला पोराने दुसऱ्या ॲपचे कर्ज काढले, दुसऱ्यासाठी तिसऱ्याचे.

पैसा, घर आणि मोबाईल हे आपण तीन वेगळे विषय समजतो. या मुलाच्या बाबतीत ती एकच साखळी आहे. वसतिगृह नाही म्हणून भाड्याची खोली, शिष्यवृत्ती वेळेवर नाही म्हणून कर्ज, बँक दारात उभे करत नाही म्हणून ॲप, आणि ॲपला मोबाईलमधली सगळी नावे दिली म्हणून चारचौघांत बदनामी. साखळीची पहिली कडी शासनाच्या दारात आहे आणि शेवटची पोराच्या गळ्यात. मधल्या कड्या कुणी बघत नाही, म्हणून दोष पोराचा ठरतो.

यातली घराची कडी नीट बघू. खोली शोधताना त्याला विचारलेला पहिला प्रश्न भाडे परवडेल का हा नव्हता. पहिला प्रश्न होता, "आडनाव काय?" दुसरा, "नॉनव्हेज खाता का?" दोन ठिकाणी एजंटने खोली रिकामी असल्याचे फोनवर सांगितले आणि आडनाव कळल्यावर ती 'आत्ताच गेली'. पुण्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या आपल्या शेकडो पोरापोरींना हा अनुभव तोंडपाठ आहे. काहींनी आडनाव सोडून वडिलांचे नाव लावणे सुरू केले आहे.

१९१७ साली परदेशातून शिकून आलेले बाबासाहेब बडोद्याला नोकरीवर रुजू झाले तेव्हा त्यांना शहरात राहायला जागा मिळाली नाही. पारशी पथिकाश्रमात त्यांना पारशी नाव लावून राहावे लागले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात आला. एका हिंदू मित्राने सांगितले की तुम्ही घरी आलात तर माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्राने बायकोवर ढकलले. बाबासाहेब बागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये त्यांनी हे स्वतः लिहून ठेवले आहे. शंभर वर्षांहून जास्त काळ लोटला. कोलंबियात शिकलेल्या माणसाला नाव बदलून राहावे लागले आणि आजच्या पदवीधराला आडनाव लपवून. काठ्या गेल्या, 'रूम आत्ताच गेली' आली.

कायद्याची बाजूही माहीत असू द्या. संविधानाचे कलम १५(२) दुकाने, हॉटेले, विहिरी, रस्ते अशा सार्वजनिक जागांबद्दल बोलते. खाजगी घरमालकाने भाड्याने खोली नाकारली तर तिथे ते थेट लागू होत नाही. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने एका सहकारी गृहनिर्माण संस्थेला आपले सभासदत्व एकाच धर्मसमुदायापुरते ठेवण्याची उपविधी वैध ठरवली. म्हणजे शहरात घर मिळवण्याच्या लढाईत आपल्या हातात धारदार कायदा नाही. भाडेकरूविरुद्धचा जातीय भेदभाव रोखणारा स्पष्ट कायदा हवा, ही मागणी आपल्या किती संघटनांच्या जाहीरनाम्यात आहे? बाबासाहेबांनी आपल्याला खेडे सोडून शहराकडे यायला सांगितले. आपण आलो. शहरात राहायचे कुठे, हा प्रश्न चळवळीने अजून हातात घेतलेला नाही.

जिथे घर मिळते तिथेही प्रश्न संपत नाही. मुंबईच्या बीडीडी चाळींत १६० चौरस फुटांच्या खोल्यांत पिढ्या गेल्या. पुनर्विकासात तिथल्या रहिवाशांना ५०० चौरस फुटांची घरे मिळत आहेत. वरळीत ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ घरांचा ताबा दिला गेला. याचा आम्हाला मनापासून आनंद आहे. चाळीतले दारिद्र्य आम्हाला रम्य वाटत नाही, सार्वजनिक संडासाच्या रांगेत उभे राहणाऱ्या आईला ते कधीच रम्य वाटले नाही. पण याच चाळींनी चळवळ पोसली. १९७४ च्या वरळी दंगलीत पँथर याच गल्ल्यांत लढले. सामाईक व्हरांड्यात सभा होत, अभ्यासिका चालत, कुणाकडे चूल पेटली नाही हे शेजाऱ्याला कळत असे. उंच इमारतीत दार बंद झाले की हे कळायचे कसे? आणि लिफ्ट, पाणी, सफाई यांचा मेंटेनन्स महिन्याच्या महिन्याला कुठून द्यायचा? तो झेपला नाही की घर भाड्याने देऊन बदलापूर-विरार गाठायचे, हे आपण आधीच्या पुनर्वसन इमारतींत पाहिले आहे. घर मिळणे ही अर्धी लढाई आहे. घर टिकवणे हा हिशेबाचा भाग आहे आणि हिशेबात आपण कच्चे राहिलो.

यावर एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. तंत्रज्ञानाला जात नसते, क्यूआर कोड कुणाचे आडनाव विचारत नाही. यात तथ्य आहे, ते नाकारू नये. आमची आजी सांगायची, किराणावाला सुटे पैसे तिच्या हातावर वरून टाकायचा, हाताला हात लागू नये म्हणून. आज तिची नात मोबाईल पुढे करते, स्पीकर पैसे मिळाल्याचे बोलतो, संपले. अपमानाचा तो क्षण टळला. पण स्पर्शाची वेळच आली नाही म्हणजे अस्पृश्यता गेली असे होत नाही. पैसे पाठवले की समोरच्या मोबाईलवर नाव उमटते, आडनावासकट. आणि क्यूआर कोडने पैसे देता येतात, भांडवल उभे राहत नाही. दुकान कुणाचे आणि गिऱ्हाईक कोण, हे क्यूआर कोड बदलत नाही.

२०१६ च्या ३० डिसेंबरला सरकारने एका पेमेंट ॲपला 'भीम' नाव दिले. आपल्यातल्या अनेकांनी अभिमानाने ते स्टेटसला ठेवले. बाबासाहेबांनी १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावर अख्खा ग्रंथ लिहिला, 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी'. केन्ससारख्या अर्थतज्ज्ञाने उचलून धरलेल्या चलनपद्धतीवर त्यात त्यांनी टीका केली. त्यांची चिंता साध्या भाषेत सांगायची तर अशी: रुपयाची खरेदी करण्याची ताकद घसरली की महागाई वाढते, मजुरी तेवढ्या वेगाने वाढत नाही, आणि व्यापाऱ्याचा नफा मजुराच्या ताटातून निघतो. पुढे १९२५ मध्ये हिल्टन यंग आयोगासमोर त्यांनी साक्ष दिली तेव्हाही मजुरी करून जगणाऱ्याचे काय होईल हा प्रश्न त्यांनी सोडला नाही. रुपयाकडे कष्टकऱ्याच्या बाजूने बघायला त्यांनी शिकवले. आपण त्यांच्या नावाचे ॲप घेतले आणि ग्रंथ कपाटात ठेवला.

याचा परिणाम दिसतो आहे. नोकरीच्या जागा निघत नाहीत, म्हणून हुशार पोरे 'ट्रेडिंग'कडे वळत आहेत. वस्तीच्या कट्ट्यावर आता कॉल आणि पुटची चर्चा असते. सेबीच्या २०२४ च्या अभ्यासानुसार तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के लोकांना तोटा झाला, सरासरी सुमारे २ लाख रुपयांचा. ज्याच्या घरात पिढीजात जमीन आहे तो २ लाखांचा तोटा पचवतो. आपल्या घरात त्या तोट्याची किंमत बहिणीचे शिक्षण असते. शेअर बाजार वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. पहिल्या पिढीच्या कमाईवर जुगार खेळू नका, एवढेच म्हणतो.

मग करायचे काय? आधी हक्क माहीत करून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार डिजिटल कर्जाची रक्कम थेट कर्जदाराच्या खात्यात आली पाहिजे. सगळे खर्च धरून वार्षिक दर किती पडतो हे सांगणारे पत्रक आधी दिले पाहिजे. ॲपला तुमचे कॉन्टॅक्ट आणि फोटो उघडण्याचा अधिकार नाही. वसुलीचे फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करता येत नाहीत. धमकी किंवा बदनामी झाली तर सायबर फसवणुकीसाठी १९३० हा क्रमांक आहे, आणि पोलीस ठाणे आहेच. वस्तीत गटाचे कर्ज वाटणाऱ्या फायनान्सवाल्यांनाही नियम आहे: वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाचे सगळे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. तिसऱ्या गटात नाव घालायला आलेल्या माणसाला हा नियम दाखवा. खोली घेताना भाडेकरार नोंदवून मागा. महाराष्ट्रात तो नोंदवणे कायद्याने बंधनकारक आहे आणि जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदवलेला करार हातात असेल तर डिपॉझिट बुडवणे सोपे राहत नाही.

पण एकट्याने हक्क माहीत असून भागत नाही. त्या मुलाला सगळ्यात जास्त कशाने खाल्ले? कर्जाने नव्हे, शरमेने. त्याला वाटले, विहारात कळले तर लोक काय म्हणतील. ही आमची हार आहे. ज्या विहारात पोराला ५ हजार रुपयांची अडचण बोलून दाखवता येत नाही, तिथे आम्ही बंधुत्वावर भाषणे कशाला देतो?

म्हणून आमच्या वस्तीत आम्ही एक छोटी सुरुवात केली. रविवारी वंदना झाली की एक तास हिशेबाचा. ज्याला कर्जाचा कागद समजत नाही त्याने तो घेऊन यावे, कुणीतरी शिकलेला वाचून सांगेल. शिष्यवृत्ती कुणाची अडकली त्याची यादी करायची आणि दहा जणांनी मिळून समाजकल्याण कार्यालयात जायचे, एकट्याने नव्हे. जयंतीच्या वर्गणीतला एक हिस्सा बाजूला काढून विद्यार्थ्यांना डिपॉझिटपुरते बिनव्याजी पैसे द्यायचे. गेल्या जयंतीला डीजेचा एक दिवस कमी केला तेव्हा मंडळातली पोरे चिडली होती. त्या पैशांतून तीन मुलांच्या खोल्यांचे डिपॉझिट भरले गेले. चिडलेल्यांपैकी एक पोरगा आता वही सांभाळतो.

हे फार मोठे काम नाही, आम्हाला माहीत आहे. यातून वसतिगृहे बांधली जाणार नाहीत. ती शासनानेच बांधली पाहिजेत, आणि शिष्यवृत्ती वेळेवर देणे हा उपकार नसून कर्तव्य आहे, हे रस्त्यावर उतरून सांगावेच लागेल. पण रस्त्यावर उतरणारा पोरगा ॲपच्या फोनला घाबरून खोलीत दडून बसला असेल तर मोर्चात येणार कोण?

तो मुलगा आता परत पुण्यात आहे. तिन्ही कर्जे मिटली, तक्रार नोंदवली. रविवारी आला की हिशेबाच्या तासाला नवीन पोरांना तोच ४,५०० आणि ५,३०० चा हिशेब फळ्यावर मांडून दाखवतो. स्वतःचे नाव सांगतो, आडनावासकट.

जयभीम!