१/३२००० चा पोकळ डौल

हमिंगबर्डचा फोटो पाहिलात? चोच टोकदार, डोळ्यात प्रकाशाचा ठिपका, गळ्यावर माणकाची झळाळी. आणि पंख? एक धनुष्याकृती वाकलेला, दुसरा खांद्यापासून निखळून भलतीकडेच उगवलेला. खाली मात्र ठसठशीत अक्षरांत मिरवलेलं असतं : शटरस्पीड १/३२०००. त्याखाली वाहवा करणाऱ्यांची रांग. त्या रांगेतला एकही रसिक विचारत नाही की, बाबा रे, या पक्ष्याचा पंख मोडलाय का?

पक्षी धडधाकट आहे. मोडलाय तो फोटो.

धूसर पंखाशी माझं भांडण नाही. धूसर पंख प्रामाणिक असतो. शटर उघडं होतं तेवढ्या वेळात पंख इथून तिथे गेला, एवढंच तो सांगतो. वाकडा पंख मात्र खोटी साक्ष देतो, कारण त्या आकाराचा पंख त्या पक्ष्याला कोणत्याही क्षणी नव्हता. हे दोन दोष वेगळे, त्यांची कारणं वेगळी, उपायही वेगळे. पण हा फरक न कळणारी मंडळी छायाचित्रणाच्या कार्यशाळा घेतात, फी आकारतात आणि छातीठोकपणे सांगतात : "शटरस्पीड वाढवा." वाढवला, तरी पंख वाकडाच. "मग अजून वाढवा." रोग रेड्याला आणि औषध पखालीला!

हिशेब मांडू. तुम्हाला तो झेपेल. या महामहोपाध्यायांनी कधी मांडलाच नाही.

रूबी-थ्रोटेड हमिंगबर्ड घ्या. वजन जेमतेम तीन ग्रॅम. अमेरिकेच्या पूर्व भागात घरटं करणारा हा एकमेव हमिंगबर्ड. न्यू जर्सीतल्या मराठी घरांच्या मागच्या अंगणात साखरपाण्याच्या फीडरवर येतो तो हाच. हवेत एका जागी तरंगताना तो सेकंदाला सुमारे ५० वेळा पंख मारतो. म्हणजे एक फेरा २० मिलिसेकंदांत पुरा. पंखाचं टोक सेकंदाला सरासरी १० ते १२ मीटर वेगाने फिरतं. १/१००० ला ते सेंटिमीटरभर सरकतं, १/४००० ला तीन मिलिमीटर, १/२०००० ला अर्धा-पाऊण मिलिमीटर. धूसरपणा घालवायचा तर हाच आकडा वाढवायला हवा. इथवर शटरस्पीडवाल्यांचं बरोबर आहे.

यापुढे त्यांची बोंब आहे. १/३२००० हा आकडा येतो इलेक्ट्रॉनिक शटरवर. आणि इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये बहुतेक सेन्सर सगळी चौकट एकदम वाचत नाहीत, ओळीमागून ओळ वाचत जातात. १/३२००० सेकंद हा एकेका ओळीच्या वाट्याचा वेळ. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत पोचायला लागणारा वेळ निराळाच, आणि तो कॅमेऱ्याच्या कोणत्याही चाकावर लिहिलेला नसतो. शटरस्पीड दुप्पट करा, चौपट करा, तो तसूभरही कमी होत नाही. मध्यम किमतीच्या काही कॅमेऱ्यांत तो ३० मिलिसेकंदांच्या घरात आहे. तेवढ्यात आपला पक्षी दीड फेरा मारून मोकळा होतो. त्याने चौकटीची अर्धी उंची व्यापली असेल, तर त्याच्यावरून सरकायला सेन्सरला १५ मिलिसेकंद लागतात, म्हणजे पाऊण फेरा. पंखाचा खांद्याजवळचा भाग एका क्षणाचा, टोक भलत्याच क्षणाचं. झेरॉक्सच्या यंत्रात दिवा सरकत असताना कागद ओढला की अक्षरं तिरपी लांबतात, तसाच हा प्रकार. प्रत्येक ओळ धारदार आणि अख्खा पंख खोटा.

हा दोष काल-परवाचाही नाही. जाक आंरी लार्तिग या फ्रेंच छायाचित्रकाराने शंभर वर्षांपूर्वी टिपलेली शर्यतीची मोटार प्रसिद्ध आहे. तिची चाकं लंबवर्तुळाकार आणि तिरकी दिसतात, कारण त्याच्या कॅमेऱ्यातल्या पडद्याची फट फिल्मवरून सरकत होती आणि मोटार थांबली नव्हती. आणि उपायही जुनाच आहे. एमआयटीचे हॅरल्ड एजर्टन यांनी विजेच्या क्षणिक झोतांनी हमिंगबर्ड थिजवले. ड्यूपॉन्ट कंपनीचे अध्यक्ष क्रॉफर्ड ग्रीनवॉल्ट यांनी वेगवान फ्लॅश वापरून या पक्ष्यांवर १९६० साली अख्खं पुस्तक काढलं. या माणसांनी शटरवर भिस्त ठेवली नाही. क्षण पकडायचं काम त्यांनी प्रकाशाकडे दिलं.

तुम्हीही तेच करा. कॅमेरा मॅन्युअल मोडवर, शटर यांत्रिक, वेग १/२०० किंवा १/२५०, म्हणजे फ्लॅशच्या सिंक मर्यादेत. आयएसओ २०० ते ४००, छिद्र एफ ११ ते एफ १६. आता फ्लॅश बंद ठेवून एक फोटो काढा. तो काळाठिक्कर आला पाहिजे. आला नाही, तर आजूबाजूचा उजेड पंखाभोवती भुताटकी उमटवणार हे नक्की. मग तीन-चार फ्लॅश फुलाच्या जवळ लावा आणि त्यांची ताकद १/१६ किंवा १/३२ वर आणा. साध्या फ्लॅशचा झोत पूर्ण ताकदीवर सुमारे १/१००० सेकंद टिकतो, पण १/१६ वर तो १/१०००० आणि १/३२ वर १/२०००० च्या आसपास येतो. हा झाला तुमचा खरा शटरस्पीड. झोत पडतो तेव्हा सेन्सर पूर्ण उघडा असतो, सगळ्या ओळी एकाच क्षणाच्या होतात, पंख वाकत नाही. एक फ्लॅश पार्श्वभूमीच्या कापडावर सोडा, नाहीतर भर दुपारी तुमचा पक्षी अमावास्येला उडताना दिसेल.

इथे पुन्हा कुणीतरी पंडित आडवा येतो : "हाय-स्पीड सिंक लावा की!" अजिबात लावू नका. त्या मोडमध्ये फ्लॅश एकच छोटा झोत देत नाही, पडद्याची फट सरकेपर्यंत लुकलुकत राहतो. क्षण पकडण्याची त्याची सगळी करामत त्यात वाया जाते. फ्लॅश लावूनही पुन्हा फटीच्याच हाती मान!

फ्लॅश नको असेल, तर भरपूर उन्हात यांत्रिक शटर, १/४०००, आयएसओ लागेल तेवढा. यांत्रिक पडदाही चौकट पार करायला तीन-चार मिलिसेकंद घेतो, म्हणून थोडा बाक उरतो, पण तो तीसच्या तुलनेत किरकोळ. महागड्या स्टॅक्ड सेन्सरचा वाचनवेळही चारच्या आसपास असतो. पक्षी चौकटीत थोडा लहान ठेवा, म्हणजे त्याच्या वाट्याला कमी ओळी येतात. आणि सलग फोटो घ्या. दर फेऱ्यात पंख दोन्ही टोकांना वळण्यासाठी क्षणभर थबकतो, तिथला फोटो सरळ आणि स्वच्छ मिळतो. सोनीने २०२३ साली ए-नाइन थ्री आणला. त्याचा सेन्सर सगळ्या ओळी एकदम टिपतो, १/८०००० पर्यंत जातो आणि हा दोष मुळातूनच संपवतो. ज्याला परवडतो त्याने जरूर घ्यावा. बाकीच्यांचं यांत्रिक शटर आणि फ्लॅशवर उत्तम भागतं.

आता कॅमेरा कंपन्यांकडे वळू. जाहिरातीत काय छापतात? सेकंदाला ३० फोटो! ४० फोटो! शटर १/३२०००! हे सगळे आकडे इलेक्ट्रॉनिक शटरचे आहेत. त्या शटरला चौकट वाचायला किती वेळ लागतो, हा एकच कामाचा आकडा बहुतेक कंपन्या माहितीपत्रकात देत नाहीत. इंजिनियरांना तो माहीत नसेल? सेन्सर त्यांनीच निवडलेला असतो! आकडा कटू आहे, म्हणून तो झाकला जातो, आणि गिऱ्हाईक १/३२००० ची जपमाळ ओढत हमिंगबर्ड टिपायला कोस्टा रिकाचं तिकीट काढतं. परत आल्यावर वाकडा पंख संगणकाकडून सरळ करून घेणारेही भेटतात. एक खोटं झाकायला दुसरं! त्या फोटोवरून पंखाची रचना शिकणाऱ्या पोराने काय करायचं?

पारख करायला कोस्टा रिकाला जायची गरज नाही. हमिंगबर्डच्या ३६० हून अधिक जाती आहेत आणि त्या सगळ्या अमेरिका खंडांतच राहतात. आपल्या जास्वंदीवर येतो तो शिंजीर, आणि तोही मधूनच हवेत तरंगतो. तरंगला की त्याच्याही पंखाला हाच बाक येतो. त्याची वाट पाहायची नसेल, तर छताचा पंखा फुल स्पीडवर सोडा. १/४००० वर एक फोटो इलेक्ट्रॉनिक शटरने काढा, एक यांत्रिकने. पाती किती वाकतात ते मोजा. दुकानातही विकत घेण्याआधी हेच करा, आणि विक्रेत्याला सरळ विचारा : या सेन्सरला चौकट वाचायला किती मिलिसेकंद लागतात? त्याने पुन्हा १/३२००० चं तुणतुणं वाजवलं, तर पाकीट खिशात परत ठेवा आणि दुकानाबाहेर पडा.