मराठी वाहिनी निवडताना

१ फेब्रुवारी २०१९ पासून ‘ट्राय’च्या (दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या) नव्या नियमाने टीव्हीवरच्या प्रत्येक सशुल्क वाहिनीची किंमत वेगळी झाली. तेव्हा शंभर वाहिन्यांपर्यंत १३० रुपये अधिक कर, आणि वर आपण निवडू त्या सशुल्क वाहिन्यांचे पैसे, असा हिशोब होता. महाराष्ट्रात यावर पुष्कळ लिहून आले. आम्हाला मात्र सुरतच्या लिंबायत भागातल्या घरांविषयी बोलायचे आहे. धुळे, जळगाव, नंदुरबारहून लूमच्या कामासाठी आलेल्या कुटुंबांत आजीला मराठी मालिका हवी असते, नातवाला हिंदी कार्टून. गुजरातेत मराठी वाहिनी आठवणीने मागून घ्यावी लागते, आणि महिन्याचा खर्च आवळताना पहिली कात्री तिलाच लागेल, ही आमची खरी काळजी आहे. महापालिकेच्या मराठी शाळा सोडल्या, तर इथल्या मुलांच्या कानावर प्रमाण मराठी पडते ती बरीचशी या मालिकांतूनच.

म्हणून या अंकात मालिकांची परीक्षणे नाहीत. केबलवाले, रात्रपाळीचे कामगार आणि घर चालवणाऱ्या बायका काय ठेवतात, काय सोडतात, ते आम्ही पाहिले आहे. तुमच्या घरी कोणती वाहिनी राहिली, कोणती गेली आणि ते ठरवले कोणी, हे आम्हाला जरूर लिहा. निवडक पत्रे पुढच्या अंकात छापू.