सारांशात गळालेले परंतुक

नोव्हेंबर 2022 मध्ये 'चॅटजीपीटी' लोकांसमोर आले आणि लांबलचक मजकुराचा सारांश क्षणात हाती पडू लागला. क्लिष्ट कायद्यापुढे बिचकणाऱ्या विद्यार्थ्यास वा नव्याने रुजू झालेल्या कारकुनास चार सोप्या वाक्यांनी धीर येत असेल, तर नाक मुरडण्याचे कारण नाही. गाईडांवर पोसलेल्या आपल्या शिक्षणाला तर तो अधिकारही नाही.

प्रश्न आहे तो सारांशातून काय गळते, हा. माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 घ्या. कलम 7 चा सारांश 'अर्जावर 30 दिवसांत निर्णय द्यावा' असा केला, तर त्यात खोटे काही नाही. परंतु माहिती एखाद्याच्या जीविताशी वा स्वातंत्र्याशी निगडित असल्यास ती 48 तासांत द्यावी, असे त्याच कलमाचे परंतुक सांगते. कोठडीतील माणसाच्या आप्तांना त्या एका वाक्याचाच आधार असतो. कारकुनाने केवळ सारांश वाचला असेल, तर त्यांचा अर्ज महिनाभर पडून राहील. यंत्र कधी अपवाद गाळते, कधी मुळात नसलेलेही ठामपणे सांगते. मूळ न वाचणाऱ्यास यांपैकी काहीच उमगत नाही.

म्हणून सारांश खुशाल आधी वाचावा. निर्णय मात्र मूळ पाहूनच करावा. शिक्षकांनीही यंत्रावर बंदी घालत बसू नये. सारांश आणि मूळ कलम विद्यार्थ्यांपुढे शेजारी शेजारी ठेवावे व विचारावे : यातून काय सुटले? खरे वाचन त्या प्रश्नापासून सुरू होते.