जाडी न लिहिलेला रिपोर्ट परत पाठवा

‘मॅलिग्नंट मेलॅनोमा, मार्जिन पॉझिटिव्ह.’ बायोप्सीचा रिपोर्ट इथेच संपतो, आता शस्त्रक्रिया किती रुंद करायची, असे विचारणारी सर्जन वाचकांची पत्रे वाढली आहेत. ब्रेस्लो जाडी नाही, अल्सरेशन आहे की नाही ते नाही, मायटोटिक रेट नाही. असतेच तर क्लार्कची पातळी, जिला एजेसीसीच्या आठव्या आवृत्तीत टप्पा ठरवताना स्थान नाही.

पॅथॉलॉजिस्टांना विचारावे, तर ते फॉर्म पुढे करतात. त्यावर ‘त्वचेची गाठ, पाय’ एवढेच. सोबत शेव्ह केलेला, कॉटरीने करपलेला तुकडा. त्यात जाडी मोजायची कशी? तक्रार दोघांचीही खरी आहे. भोगतो मात्र रुग्ण.

अल्सरेशन नसलेल्या गाठीत ०.८ मि.मी.ला टी१ए संपून टी१बी सुरू होतो आणि सेंटिनल नोडचा विचार करावा लागतो. १ मि.मी.पर्यंत १ सें.मी. मार्जिन, २ मि.मी.च्या पुढे २ सें.मी. लसग्रंथी स्वच्छ असूनही पाच वर्षांचे मेलॅनोमा-विशिष्ट जगणे टप्पा १एमध्ये ९९ टक्के, तर २सीमध्ये ८२ टक्के. हा फरक जाडीचा आणि अल्सरेशनचा.

इम्युनोथेरपीवर भिस्त ठेवणाऱ्यांनीही जपून बोलावे. इपिलिमुमॅब आणि निव्होलुमॅब एकत्र घेतलेल्या प्रगत रुग्णांपैकी ४३ टक्के दहा वर्षांनी हयात होते, ही मोठीच मजल आहे. पण आपल्याकडे तळपायाचा आणि नखाखालचा अ‍ॅक्रल मेलॅनोमा अधिक दिसतो. त्यात या औषधांना प्रतिसाद कमी मिळतो, बीआरएएफचा बदलही कमी सापडतो. शिवाय खर्च किती जणांना पेलतो, हे आपण रोज पाहतो.

मग जे आपल्या हातात आहे ते तरी चोख करू. तळपायावरचे काळे ‘कुरूप’ तासू नका, जाळू नका. एकाच नखावरचा रुंदावणारा काळा पट्टा बुरशीची औषधे देत महिनोन्‌महिने पाहत बसू नका. शक्य तिथे १ ते ३ मि.मी. कडेसह पूर्ण जाडीची एक्सिजन बायोप्सी करा. फॉर्मवर जागा, कालावधी आणि मेलॅनोमाचा संशय स्पष्ट लिहा. पॅथॉलॉजिस्टांनी तळाशी गाठ कापली गेली असेल तर ‘किमान इतकी जाडी’ असे नोंदवावे, रकाना कोरा सोडू नये. सर्जननी अपुरा रिपोर्ट आला की त्याच दिवशी फोन करून स्लाइड पुन्हा वाचायला सांगावी. मिलिमीटर कळल्याशिवाय मार्जिन आखू नका.