पदवी हातात, पण फिजिक्स कुठे?

बंगळूरला मल्लेश्वरममध्ये माझी मावसबहीण राहते, काडू मल्लेश्वराच्या देवळाजवळ. शिवरायांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी सतराव्या शतकात हे देऊळ बांधले असे सांगतात. त्यामुळे त्या भागात गेले की मला उगीचच माहेरी आल्यासारखे वाटते. या खेपेला मात्र ताईच्या घरात शिरताना पाय जड झाले होते. त्या घरात झालेल्या एका चुकीत माझाही वाटा होता.

ताईची मुलगी दहावीपर्यंत मल्लेश्वरममध्येच शिकली. मग भावोजींची बदली इंग्लंडला झाली. बारावीच्या तोडीची ए-लेव्हल परीक्षा तिने तिकडे दिली. विषय घेतले बायॉलॉजी, केमिस्ट्री आणि गणित. फिजिक्स आवडत नव्हते, सोडून दिले. तिकडे तसे सोडता येते. पुढे मेडिकलला जागा मिळाली नाही, म्हणून तिने बायोमेडिकल सायन्सची तीन वर्षांची बी.एस्सी. धरली. तेव्हा ताईने मला फोन केला होता, "अगं, तू पेपरवाली. ही पदवी घेऊन आली तर इकडे डॉक्टरकीला उपयोग होईल ना?"

मी कामाच्या घाईत बोलून गेले, "होईल की! एखादं वर्षही वाचेल."

वाचकहो, एकही वर्ष वाचत नाही. गंमत म्हणजे माझ्यासारखे समजणारे पुष्कळ आहेत, आणि त्याला कारणही आहे. अमेरिकेत मेडिकलला प्रवेश साधारणतः पदवीनंतरच मिळतो. ब्रिटनमध्ये पदवीधरांसाठी चार वर्षांचा वेगळा अभ्यासक्रम आहे. आपल्याकडे मात्र एमबीबीएस हा बारावीनंतरचा अभ्यासक्रम. पदवीधर असो वा नुकताच बारावी झालेला, सर्वांनी पहिल्या वर्षापासूनच सुरुवात करायची: साडेचार वर्षे शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप. प्रवेश ठरतो तो 'नीट' या परीक्षेच्या गुणांवर. परदेशी विद्यापीठातला पहिला वर्ग तिथे मोजला जात नाही.

रात्री जेवणे आटोपल्यावर आम्ही तिघी 'नीट'ची माहितीपुस्तिका घेऊन बसलो. बारावीच्या पातळीवर कोणते विषय हवेत ते भाची मोठ्याने वाचत होती. "फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी किंवा बायोटेक्नॉलॉजी आणि इंग्रजी..." ती थांबली. पुन्हा पहिल्या शब्दावर बोट ठेवले.

"मावशी, म्हणजे मला फॉर्मसुद्धा भरता येणार नाही?"

बाविसाव्या वर्षी, बी.एस्सी.ची पदवी कपाटात असताना, सोळाव्या वर्षी सोडलेला एक विषय वाट अडवून उभा होता. ताई ताटे आवरायला म्हणून उठली, ती बराच वेळ बाहेर आलीच नाही. मी मुलीला एवढेच म्हणू शकले, "त्या दिवशी मी न वाचता बोलले गं. चुकलंच माझं."

पण वाट अगदीच बंद नव्हती. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये एक सूचना काढली. बारावी झाल्यावर राहिलेला विषय मान्यताप्राप्त बोर्डातून अतिरिक्त विषय म्हणून उत्तीर्ण झाला, तरी 'नीट' देता येते. वयाचीही भीती नाही, कारण वरची वयोमर्यादा २०२२ मध्ये काढून टाकली आहे. परीक्षा कितीदा द्यावी यालाही बंधन नाही. फक्त, परदेशी परीक्षेला जोडून इथला कोणता बोर्ड आणि कोणता विषय चालेल, हे आधी लेखी विचारून घ्यायला हवे. परदेशातली परीक्षा आपल्या बारावीच्या तोडीची आहे, असे प्रमाणपत्र दिल्लीच्या भारतीय विश्वविद्यालय संघाकडून घ्यायला हवे. पदवीचे नव्हे, आधी त्या बारावीचे!

दुसऱ्या दिवशी आणखी एक गोष्ट उमगली. कर्नाटकातल्या प्रवेशाचे काम पाहणाऱ्या परीक्षा प्राधिकरणाची कचेरी ताईच्या घरापासून चालत जाण्याइतकी जवळ, अठराव्या क्रॉसवर आहे. त्यांच्या नियमांत राज्याच्या जागांसाठी मुख्य अट अशी की, पहिली ते बारावीपैकी किमान ७ वर्षे कर्नाटकात शिक्षण झालेले असावे आणि दहावी किंवा बारावी इथून उत्तीर्ण असावी. ताईने माळ्यावरची ट्रंक काढली. तळाशी लेकीच्या शाळेची प्रगतिपुस्तके आणि दहावीचे प्रमाणपत्र सापडले. इंग्लंडच्या पदवीने जे दिले नाही, ते मल्लेश्वरमच्या शाळेच्या पिवळ्या पडलेल्या कागदांनी दिले. शिवाय सरकारी कॉलेजांतल्या १५ टक्के अखिल भारतीय जागांना राज्याचे बंधन नसते.

ज्यांची मुले परदेशी नागरिक आहेत, त्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे. ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेनंतर ओसीआय कार्ड काढलेल्यांना फक्त अनिवासी भारतीयांच्या जागांवर हक्क सांगता येतो. त्याआधी कार्ड मिळालेल्यांचा जुना हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये राखला. आमच्या भाचीचा पासपोर्ट भारतीय, म्हणून तो प्रश्न आला नाही.

संध्याकाळी भावोजींनी हिशेब मांडला. एक वर्ष फिजिक्स आणि 'नीट', पुढे साडेपाच वर्षे. "अठ्ठावीस-एकोणतीस होईल. हातात पदवी आहे, एखादी चांगली नोकरी बघ. आम्ही काही म्हणणार नाही."

मुलगी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "बाबा, अठ्ठावीस तर मी तशीही होणारच आहे."

यावर कोण काय बोलणार? 'नीट'च्या १८० प्रश्नांपैकी ४५ फिजिक्सचे असतात. हे ओझे तिचे तिलाच उचलायचे आहे, आणि यश येईलच असे मी आता मुळीच सांगत नाही. पण मुलांना बाहेर पाठवणाऱ्या आईबाबांना एवढे मात्र जरूर सांगते: परत येऊन डॉक्टर व्हायचा विचार मनात असेल, तर अकरावीला कुठलाही विषय सोडण्यापूर्वी इकडचे नियम स्वतः वाचा. शाळेचा एकही कागद रद्दीत घालू नका. आणि फोनवरच्या मावशीवर, ती पेपरात असली तरी, विसंबू नका.

मी निघाले तेव्हा भाची अकरावीचे जुने फिजिक्सचे पुस्तक घेऊन ओट्यावर बसली होती. "मावशी, तुला होतं का गं फिजिक्स?"

"मी आर्ट्सची."

"तरीच!" ती म्हणाली, आणि दोन दिवसांत पहिल्यांदा त्या घरात सगळे हसले.